खंडेनवमीच्या रांगेतली गाडी

खंडेनवमीच्या सकाळी मारुतीच्या देवळापुढे गाड्या एका ओळीत उभ्या राहत, आणि त्यांच्या नुकत्याच धुतलेल्या चाकांखाली मुरमाची माती ओली होऊन काळपट दिसत असे... झेंडूच्या माळांचा कडसर वास, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलेल्या पत्र्याचा वास, फुटलेल्या नारळाचं गोडसर पाणी, आणि या सगळ्याच्या तळाशी जळक्या ऑईलचा तो जड दर्प — पन्नासएक वर्षं झाली, तरी एखाद्या गॅरेजवरून जाताना तो नाकाशी आला की माझी पावलं मंदावतात. आता ती गुडघ्यांमुळेही मंदावतात म्हणा, पण ते असो.

आमचं गाव सुप्याच्या अलीकडे, पुणे–नगर रस्त्यापासून दोन कोस आत. आज तिकडे कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत. तेव्हा नुसता माळ होता, कुसळं होती आणि वारा होता. गावात गाड्या अशा कितीशा असणार? गावचे पुढारी तात्या, त्यांची काळी मोटार, जी वर्षातले अकरा महिने गोठ्याशेजारी चादर पांघरून झोपलेली असे; एक तांबडा ट्रॅक्टर, दोन फटफट्या, डॉक्टरांची स्कूटर आणि आमचा ट्रक. देवळाची व्यवस्था तात्यांकडे, त्यामुळे रांगेत कोणी कुठे उभं राहायचं हेही तेच ठरवत. बैलगाड्यांना त्या रांगेत जागा नसे — त्यांचा मान पोळ्याला. पहिला नारळ मोटारीला, मग ट्रॅक्टरला, आणि अशी उतरत उतरत ती रांग अगदी टोकाला, लिंबाखाली आमच्या ट्रकपाशी येऊन संपे. मला त्याचा भयंकर राग यायचा. मोटार काय करायची? नुसती दिसायची! पण दिसणाऱ्याचाच मान मोठा, ही जगाची रीतच आहे.

परवा पुतण्याचा फोन आला होता. नगरला त्याच्या मित्रमंडळींनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलंय, कुठल्या गाड्या घ्यायच्या ते ठरवायला एक जुनं माणूस हवं, तर "आत्या, तूच ये ना!" म्हणाला. मग मोबाईलवर एक तक्ताही आला — रंग कसा, चकाकी कशी, आतली गादी कशी. मी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि मला एकदम थकवा आला. त्याला म्हटलं, "अरे, गाडीनं जन्मभर काय वाहिलं, याचा रकाना कुठाय?" तो हसला. "आत्या, रंग उडालेली गाडी बघायला कोण येणार गं?" मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? त्याच्या निम्म्या वयाची होते तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, नुसतं म्हटलं नव्हतं, करूनही दाखवलं होतं.

आमचा ट्रक अण्णांनी — माझ्या वडिलांनी — नगरला लष्कराच्या लिलावात घेतलेला. नाकाशी चेपलेला, एक दार सुतळीनं बांधलेलं, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. सकाळी अण्णा पुढे हँडल घालून तो फिरवायला लागले की खोकून खोकून अर्धं गाव जागं करायचा, आई म्हणायची, "म्हातारा उठला बाई एकदाचा!" पण अण्णांचा त्याच्यावर जीव होता. ज्या उस्तादाच्या हाताखाली ते गाडी शिकले, त्यानं त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती: खंडेनवमीला जिच्यापुढं नारळ फुटला नाही, त्या गाडीच्या चाकाला वर्षभर हात लावायचा नाही. तोही देवापुढं, चारचौघांत फुटायला हवा. अंगणात गुपचूप फोडलेला चालत नाही. माणूस एरवी कशाला मानत नसे, पण याला मानायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच्याबद्दल इतकं बोलून झालंय की मला आता त्यात भर घालायचाही कंटाळा येतो... विहिरींचे तळ उघडे पडले, माणसं खडी फोडायला गेली, घरोघरी रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या जाऊ लागल्या आणि आई रोज तव्यापाशी एकदा तरी "कसलं मेलं हे धान्य!" म्हणायची. आमच्या ट्रकनं त्या वर्षी पाण्याची पिंपं आणली, कडबा आणला, जनावरं छावणीत पोचवली. पण काही जनावरं छावणीपर्यंत जायच्या आधीच बसली, ती उठलीच नाहीत. मेलेलं जनावर गावाबाहेर नेऊन टाकायचं काम ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं, ती घरं पोटामागे पुण्याकडे निघून गेली होती. तेव्हा तात्यांनीच अण्णांना बोलावून घेतलं. "शिवा, तुज्या गाडीबिगर हे हुनार न्हाई. गावाचा परस्न हाय." अण्णा गेले. दिवसाआड जाऊ लागले, आणि त्यांच्या कपड्यांना एक असा वास लागला की पारावर त्यांच्या शेजारी कोणी बसेना.

वरच्या आळीत गेनूबाबा नावाचा एकटा म्हातारा राहायचा. बायको गेलेली, पोर नाही. त्याचं सगळं बिऱ्हाड म्हणजे तो आणि पवळ्या नावाचा बैल. मेलेल्या पवळ्याला ट्रकमध्ये चढवलं त्या दुपारी म्हातारा फळी धरून उभा राहिला, सोडेचना. "न्हेतुयास ते न्हे बाबा... पन माज्याकडं त्याची निशानी काय ऱ्हानार?" अण्णांनी त्या फळीवरून हात फिरवला. मग ते माझ्याकडे वळले. मी तेव्हा चौथीत, शाळेत अक्षरासाठी नावाजलेली. "पोरी, गेरू आन. नाव लिव त्याचं." पावसानं धुपू नये म्हणून त्यांनी गेरू जवसाच्या तेलात कालवून दिला, आणि मी बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळून हौद्याच्या फळीवर लिहिलं — पवळ्या. गेनूबाबाला कुठलं वाचता येत होतं! पण त्यानं त्या ओल्या नावाखाली तळवा टेकला, मग कपाळ टेकलं, आणि फळी सोडली.

त्यानंतर तो रिवाजच पडून गेला. ज्याचा बैल, ज्याची गाय, तो धनी ट्रकशेजारी उभा राहून नाव सांगायचा, मी लिहायची, तो हात लावायचा आणि मग अण्णा हँडल फिरवायचे. सर्जा, हौशा, गुणी, ढवळी... हौदा लाल अक्षरांनी भरत गेला. आणि खरं सांगू? मला त्यात आनंद व्हायचा! कोणाचं तरी जनावर गेलंय हे कळत नव्हतं असं नाही, पण 'ळ' कसा वळणदार आला, यातच माझा सगळा जीव. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी पाणी झालं, बाजरी उभी राहिली, माणसं परतली, आणि खंडेनवमी आठवड्यावर आली तेव्हा तात्यांनी अण्णांना पारावर गाठलं. मी अण्णांच्या धोतराला धरून उभी होते.

"शिवा, औंदा तुजी गाडी रांगेत नको आनू बाबा. मढी वाहिलेली गाडी मारुतीपुढं कशी हुबी करायची?"

"तात्या, तुमीच न्हायाला सांगितलं हुतं की."

"ते खरं रं. पन देवाचं येगळं असतं. लोक नावं ठिवतील. रंगवून-बिंगवून आनलीस, ती लाल अक्षरं झाकलीस, तर बघू."

गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय! अण्णा घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि ताटाकडे बघत आईला म्हणाले, "त्या नावास्नी रंग लागायचा न्हाई. नारळ न्हाई फुटला तर इकून टाकू गाडी." आईचा हात भाकरीवरच थांबला. तो ट्रक म्हणजे आमच्या चुलीतली आग होती. तो गेला तर आम्ही काय करणार होतो? पण अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. दोन दिवस आधी ते गिऱ्हाईक बघायला म्हणून खरंच नगरला निघून गेले.

आणि मी ठरवलं. माझा ट्रक कोणी नेणार नाही म्हणजे नाही! शाळेच्या दारांना लावून उरलेला हिरवा रंग गुरुजींकडे होता, तो मागून आणला. आईनं रंग ढवळता ढवळता एकदा विचारलं, "आन ती नावं गं?" मी तोऱ्यात म्हटलं, "मला सगळी पाठ हायत. सण झाला की परत लिवते." सगळ्या पाढ्यांत पहिली येणारी मुलगी मी, मला काय अवघड! आईनं पदर खोचला आणि दुसरा कुंचला हातात घेतला. त्या माऊलीला मी दोष देत नाही. तिला उद्याची भाकरी दिसत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून एकेक फळी हिरवीगार करून टाकली... रंगाच्या वासानं डोकं दुखत होतं आणि मी मनात अण्णांची शाबासकी ऐकत होते.

अण्णा दुसऱ्या दिवशी, नवमीच्या सकाळी आले. गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. अंगणात ट्रकपाशी थबकले, त्याच्याभोवती सावकाश एक फेरी मारली, डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. मला वाटलं, आता हसतील. ते म्हणाले, "वाळला न्हाई अजून रंग," आणि हँडल हातात घेतलं.

रांगेत त्या वर्षी आम्हाला तिसरी जागा मिळाली! मोटार, ट्रॅक्टर आणि लगेच आम्ही. तात्यांनी लांबूनच मान डोलावली, "आता कसं! गाडी दिसाया लागली." नारळ फुटला, पाणी चाकावर उडालं, झेंडूची माळ त्या चेपलेल्या नाकावर चढली, आणि मी आनंदानं टाळ्या पिटल्या. वाटलं, जिंकलो आपण.

मग माणसं येऊ लागली. मोटारीकडे नाही, ट्रॅक्टरकडे नाही — आमच्याकडे. कोणाच्या हातात कुंकवाची वाटी, कोणी नव्या बाजरीचं कणीस आणलेलं. जिथे आपल्या जनावराचं नाव होतं तिथे दोन बोटं कुंकू लावायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपापलं ठरवलं होतं. ती माणसं हौद्यापाशी यायची, हिरव्या फळ्यांकडे बघायची, एकदा अण्णांकडे बघायची आणि मागे फिरायची. एकानं कणीस तिथेच चाकापाशी ठेवलं. कोणी रागावलं असतं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मनातल्या मनात नावं म्हणायला लागले — सर्जा, हौशा, गुणी... आणि दहा-बारा नावांपुढे गाडी अडली. मला ती पाठ नव्हती.

संध्याकाळी मी गुपचूप गेरू कालवायला घेतला, तेव्हा अण्णांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. नाव सांगाया आता शेजारी कुनाला हुबं करनार?" इतकंच म्हणाले. त्या गोष्टीवरून ते मला जन्मात दुसरा शब्द बोलले नाहीत. ट्रक पुढे सात-आठ वर्षं चालला, दर नवमीला रांगेत उभा राहिला, आणि शेवटी भंगारात गेला. त्या दिवशी मी सासरी होते.

पण मला रात्रंदिवस छळतं ते हे नाही. त्या सकाळी सगळ्यांत शेवटी गेनूबाबा आला होता. वर्षभरात त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काठी टेकत, एका हातात कुंकवाची पुडी घट्ट धरून तो आला आणि माझ्या आवाजाच्या अंदाजानं म्हणाला, "पोरी, माजा पवळ्या कुटं हाय, तेवढं दाव गं." मी अण्णांकडे पाहिलं. तेव्हा अण्णा पुढे झाले, त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि समोरच्या फळीवर ठेवला. "हितं हाय, बाबा."

"हितंच न्हवं?"

"व्हय. हितंच."

गेनूबाबानं चाचपडत कुंकू लावलं, मग वाकून त्या फळीवर कपाळ टेकलं. बराच वेळ तो काहीतरी पुटपुटत राहिला. मान वर केली तेव्हा त्याच्या कपाळाला ओला हिरवा रंग लागला होता, आणि तो हसत होता.

पवळ्याचं नाव त्या बाजूला नव्हतंच. ते पलीकडच्या अंगाला, मागून दुसऱ्या फळीवर होतं. अण्णांना वाचता येत नव्हतं, त्यांना ते ठाऊक नसावं. मला ठाऊक होतं, तो 'ळ' मी काढला होता. म्हाताऱ्याचं बोट धरून ट्रकला वळसा घालायला कितीसा वेळ लागला असता? दहा पावलं. पण मी तोंड उघडलं असतं, तर रंगाचंही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. पुढच्या नवमीला त्याला पलीकडे नेऊन खरी जागा दाखवायची, असं मी मनाशी अगदी पक्कं ठरवलं होतं, पण त्या आधीच, माघात, गेनूबाबा गेला.