लाइनमनच्या घरची लाइन

गुणाजी परबाच्या घरची लाइन पडावी, म्हणजे वैद्याच्या घरी पोरं खोकत बसावीत! टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं लाइनमन होता हा माणूस. अर्ध्या लालबागच्या तारा खांद्यावर वाहिल्यात त्याने. मुलगा वैभव म्हणाला, "बाबा, फायबर घेऊया. त्यात तांब्याची तार नाही, कसली खरखर नाही." तर हा उसळला. "ही तार मी ओढलंय! मी जितो आसय तवसर काढूक देवचय नाय." घ्या! एवढं बोलून बसला आणि महिन्याभरात तारेनेच दगा दिला.

रोज दुपारी बाराच्या ठोक्याला मोडेमचा दिवा लुकलुके आणि नेट गायब. सून मेघना घरी बसून एका विमा कंपनीचे फोन घ्यायची. मोबाइलचं नेट चालणार नाही, घराला लाइनच हवी, असा कंपनीचा हुकूम. तीन आठवड्यांत नऊ कॉल मधेच तुटले. शेवटी तिच्या मॅडमनी सांगून टाकलं, "गुरुवारी पावणेबारा ते सव्वाबारा मी स्वतः ऐकणार. तुटलं, तर दुसरं काम बघा."

गुणाजीने हत्यारांची पेटी काढली. नोकरी सुनेची जाणार, पण हट्ट त्याचा ना! त्याने फोनच्या तारेवरचा फिल्टर बदलला. जिन्यातला गंजलेला जॉइंट सोडवून नव्याने बांधला, कारण दुपारच्या उन्हाने जॉइंट सैल होतो असं त्याचं ठाम मत. मोडेमच्या सेटिंगमध्ये शिरून वेग निम्मा केला; सावकाश चालणारा कमी धडपडतो म्हणे. तरी बुधवारी बाराला लाइन गेलीच. मेघना मोबाइलवर दुसऱ्या नोकऱ्या बघत बसली. ते त्याला फार लागलं.

मग त्याला खात्यातली जुनी युक्ती आठवली. रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावायचा आणि फिरायचं. तारेला बिघडवणारी विजेची खरखर रेडिओही पकडतो; ती जिथे वाढेल, तिथे चोर.

गुरुवारी मेघनाचा कॉल सुरू झाला. हा ट्रान्झिस्टर कानाशी धरून गॅलरीत. बारा वाजले आणि खर्रर्र! आत दिवा लुकलुकायला लागला. मेघनाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तोंडाने ती गिऱ्हाइकाशी गोड बोलत होती, डोळ्यांत पाणी. गुणाजी जिन्याकडे धावला. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना! मजल्यागणिक खरखर वाढत गेली आणि चाळीच्या अंगणात, मारुतीच्या देवळापाशी, रेडिओ किंचाळायलाच लागला.

आरती चालू होती. विजेवर आपोआप नगारा आणि घंटा बडवणारं यंत्र धडाडत होतं. त्यावर लाल अक्षरं: कै. अंबिका गुणाजी परब यांच्या स्मरणार्थ. बायकोच्या वर्षश्राद्धाला, गेल्याच महिन्यात, त्यानेच दिलेलं. वायरही त्यानेच जोडलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! रोज आरती सुरू झाली की मोडेमसमोर बसून हा हात जोडायचा, अंबिकाची घंटा वाजली म्हणून.

त्याने लाल अक्षरांना हात लावून नमस्कार केला. मग त्याने प्लग उपटला.

"येडो झालस काय?" पूजा करणारा कुशाबा ओरडला. "वहिनीच्या नावाचा यंत्र ता!"

"नाव तिचाच आसा," गुणाजी म्हणाला. "पण वर बसली आसा ती तिची सून."

आणि देवळातल्या जुन्या घंटेची दोरी धरून तो स्वतः बडवायला लागला. खांदा भरून आला, तरी थांबेना. वर काय झालं असेल, हे बघायची त्याची छातीच होत नव्हती.

"बाबा!" गॅलरीतून मेघना ओरडली. "अडखळली, पण नाही तुटली! मॅडम ठीक आहे म्हणाल्या!"

आरती केव्हाच संपली होती. कुशाबाने त्याच्या हातातून दोरी सोडवली, तेव्हा कुठे गुणाजी पायरीवर बसून रडला. मग नाक पुसलं आणि वैभवला फोन लावला.

"तुझा ता फायबर घे बाबा, उद्याच," तो म्हणाला. "तुझ्या आवशीचा यंत्र परत लावूचा आसा."