मांडवाची काठी

मामांच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, पवनीजवळ धरणाच्या पाण्यावर, आमच्या डोंग्याची, म्हणजे छोट्या नावेची, डोलकाठी उतरवण्यात आली. डोंग्यात मोठा भाऊ आणि वहिनी होते. मी मागच्या टोकाशी मांडीभर पाण्यात, मामा काठावर.

काठी मामांची होती. सागाची, सरळ. त्यांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवाच्या मधोमध तीच उभी राहते. गोसीखुर्दचं पाणी गावापर्यंत आल्यापासून भावाला डोंग्याला शीड लावून पाहायचं होतं, म्हणून मामांनी ती दिली. अट एकच : लग्नाआधी अखंड परत.

"तुटली तं तुलेच मधात उभा करीन गा," मामा भावाला म्हणाले. "उंची बरोबर हाये तुही."

"राहीन न मामा. पन जेवाले तिथंच आनून देजा."

शीड आधीच उतरवून घडी घातली होती. काठी बुंध्याशी बोल्टवर फिरत होती आणि मागे झुकणार होती. पुढून तिला एक दोरी धरून होती. ती हळूहळू सोडायची, एवढंच काम. भाऊ त्या दोरीच्या गाठीवर वाकला आणि वाकूनच राहिला.

"काय होऊन राहिलं?" मामांनी विचारलं.

"गाठ सुटत नाई."

आमचं घर विणकरांचं. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ ओढाल तशी आवळते. ती सोडायची वेळ कधी येत नाही. भावाने दोरीच्या दोन्ही टोकांना, खाली आणि शेंड्यावर, तीच मारली होती. खालची पाण्याने फुगली होती.

"काप न मंग."

"कापली तं काठी धाडकन मांगं येते, मामा. दोन तुकडे."



"शिडाची दोरी रिकामीच हाये न," वहिनी म्हणाली.

शीड वर ओढायची दोरी शेंड्याच्या कडीतून खाली आली होती. तिचं एक टोक बुंध्याला बांधून दुसरं पुढच्या फळीला वेढे देऊन ताणायचं होतं, म्हणजे काठीला पुढून तीच धरून राहिली असती. भावाने हात पुढे केला.

"तुमी गाठीले हात लावू नोका," वहिनी म्हणाली आणि दोन्ही टोकं तिने स्वतः घेतली.

मग भावाने विळ्याने जुनी दोरी कापली. काठी जराशी झुकली आणि थांबली. वहिनी वेढ्यांतून दोरी सोडत गेली, काठी वीतवीत खाली येत गेली. मामा धोतरासकट पाण्यात उतरले.

"मामाजी, धोतर!"

"धोतर वाळते व! तू दोरी पाय!"

काठी मामांच्या आणि माझ्या खांद्यावर आली. भावाने बोल्ट काढला. कुठे तडा नव्हता.

संध्याकाळी ती मांडवात उभी झाली. शेंड्यावरची गाठ सुटली नाही. उभी करण्याआधीच मामांनी लोंबणारी दोरी कापून गाठीवर आंब्याचे डहाळे बांधले. दुसऱ्या दिवशी लग्न त्याच काठीखाली लागलं.