वीस अमरदाद

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा पुढं काय करायचं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला, शेजारीपाजारी गूळ वाटला आणि विचारलं, "आता झालं का समदं शिकून?"

"न्हाय आबा. आता कॉलेज."

"ते कुठं असतंय?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले, आणि दिलं तेव्हा ते खोटं ठरलं.

लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी धाराशिवला हायस्कूल केलं, तेही उर्दूतून, कारण निजामच्या राज्यात हायस्कूल उर्दूतूनच होतं. घरात मराठी, आईची माहेरची कानडी, शाळेत उर्दू. त्रिकोण हा शब्द मला माहीत नव्हता, मी त्याला मुसल्लस म्हणायचो. कॉलेज हैदराबादला होतं, पण तिथंही सगळं उर्दूतच. मला इंग्रजीतून शिकायचं होतं. का, ते आज नीट सांगता येणार नाही. आमचे इंग्रजीचे मास्तर तास संपला तरी पुस्तक मिटत नसत, एवढंच कारण असेल कदाचित. इंग्रजीतून शिकायचं तर राज्याबाहेर, इंग्रजी मुलखात जायला हवं होतं. मास्तरांच्या मदतीनं मी दोन कॉलेजांकडं पत्रं लिहिली, एक नागपूरला आणि एक पुण्याला. दोन्हीकडून उत्तर आलं, की तुमची मॅट्रिक चालेल, असल दाखला घेऊन मुदतीत हजर व्हा.

अडचण असल दाखल्याची होती. शाळा तो एकच देई, आणि तो कुठल्या ठिकाणासाठी हवा हे त्यावर लिहावं लागे. राज्याबाहेर जाणाऱ्याच्या दाखल्यावर मोहतमिमसाहेबांची, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागे. तेव्हा दोन्हीकडं प्रयत्न करून बघू, जिथं जमेल तिथं जाऊ, असं चालणार नव्हतं. आधी ठरवायचं, मग दाखला.

आबांना मी दोन्ही पत्रं वाचून दाखवली.

"जवळ कंचं?"

"पुणं."

"मग इच्यार कशाचा करतुयास? दुखलं-खुपलं तर रातीत येता तरी यील. त्या नागपूरला मी कुठं हुडकत येऊ तुला?"

मी मान हलवली, पण मनातून मला नागपूर हवं होतं. आमच्या शाळेतून आधी पुण्याला गेलेला एक मुलगा सुट्टीत भेटला होता. तो म्हणाला होता, "तिथं तोंड उघडलं की पोरं हसत्यात. मोगलाईतला आला म्हन्त्यात. मी म्हैनाभर नुसता व्हय-न्हायवर काढला." ते माझ्या डोक्यात बसलं. नागपूर मी पाहिलेलं नव्हतं, तिथं हसतात की नाही हेही माहीत नव्हतं. केवळ माहीत नाही म्हणून ते बरं वाटत होतं.

धाराशिवला जाऊन मी शाळेच्या मुन्शींना नागपूर सांगितलं. मुन्शी म्हातारे होते, पान खाऊन बोलत.

"कायकू जाते मियाँ इतनी दूर? अपने हैद्राबाद में क्या काँटे हैं?"

"अंग्रेजी में पढना है, मुन्शीसाब."

"पढो, पढो. फिर वापस आके हमकोच अंग्रेजी में गालियाँ देना," असं म्हणून ते हसले आणि त्यांनी दाखला लिहून सहीला पाठवला.

चार दिवस मी घरी अस्वस्थ होतो. आबा कुणी भेटलं की सांगत होते, "ल्योक पुण्याला चाललाय." मी ते ऐकत होतो. हसतील म्हणून आपण लांब पळतो आहोत, आणि ते बापाला सांगायची हिंमत नाही, याची मला लाज वाटू लागली. पाचव्या दिवशी मी पुन्हा धाराशिवला गेलो आणि दाखला पुण्याच्या नावाचा करून द्या म्हणालो.

मुन्शींनी कपाळाला हात लावला. सही होऊन आलेल्या दाखल्यावर त्यांनी आडवी रेघ मारली. "अब नागपूर का नाम नको लेना. दरखास्त लिखो नई. आखरी तारीख कौनसी है, वो भी लिखो."

मी तिथंच त्यांच्या बाकावर बसून उर्दूत अर्ज लिहिला. पुण्याची मुदत वीस जूनपर्यंत होती. मी लिहिलं, बीस अमरदाद.

मुन्शींनी तारीख पाहिली. "हौ, बहुत दिन हैं. साहब दौरे पे गये हैं. आने दो."

साहेबांचा दौरा लांबला. मी धाराशिवलाच एका ओळखीच्या घरी ओट्यावर राहिलो आणि रोज कचेरीत डोकावत राहिलो. मुन्शी रोज म्हणत, "फिकर नको." सोळा अमरदादला सही झाली. मला इतका आनंद झाला की मी मुन्शींच्या पायांना हात लावला. अजून चार दिवस हातात होते. मी घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी आबा आणि आई येडशीच्या स्टेशनवर आले. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. ती रडली नाही. गाडी सुटताना "हुषार इरु मगा," एवढंच म्हणाली, म्हणजे जपून राहा बाळा. आबा गाडीबरोबर थोडं चालले आणि मग फलाटाच्या कडेला थांबले.

येडशीलाच करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझी ट्रंक उघडून पाहिली होती. बार्शीला उतरलो तेव्हा आपण खरंच राज्याबाहेर आलो असं वाटलं. कुर्डुवाडीकडं गाडी निघायला वेळ होता. स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानात बसलो. भिंतीवर तारखेचं कॅलेंडर होतं, रोज एक पान फाडायचं तसलं. त्यावर मोठ्ठा बावीस आकडा होता.

मी दुकानदाराला म्हणालो, "पानं जास्त फाडलीत की वो."

"न्हाई बा. आज बावीसच."

"जून?"

"मग काय जानेवारी? कुठनं आलास?"

आमच्या राज्यात सरकारी कामाला फसली सन चाले. शाळेची फी, परीक्षा, माझी जन्मतारीख, सगळं आजूर, दै, बहमन या महिन्यांत. जून म्हणजे अमरदाद, हे लहान पोरालाही पाठ असे. बोलताना आम्ही तसंच म्हणायचो आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नसे. पण अमरदाद लागतो तो जून लागून पाच-सहा दिवस झाल्यावर. हेही मला माहीत होतं. शाळेत शिकवलं होतं. बाकावर बसून अर्ज लिहिताना माझ्या मनात ते आलंच नाही. पुण्यात तारीख कशी मोजतात याचा मी विचारच केला नव्हता, फक्त माझ्या बोलण्याला हसतील का याचा केला होता.

तरीही मी पुण्याला गेलो. तिकीट काढलेलं होतं, आणि परत जाऊन काय सांगणार होतो? कॉलेजातल्या कारकुनांनी दाखला हातात घेतला, उर्दू बघून तो फिरवला, मग सोबतचं इंग्रजी भाषांतर वाचलं. माणूस वाईट नव्हता.

"मुदत वीसला संपली हो. यादी वर गेली."

"आमच्याकडं आज अठराच हाय जी," मी म्हणालो. मग अमरदादचं समजावू लागलो. माझी जीभ अडखळत होती. रांगेत माझ्यामागं उभा असलेला मुलगा मोठ्यानं म्हणाला, "यांचा निजाम सूर्यालासुद्धा थांबवून ठेवतो वाटतं!" दोघं-तिघं हसले. त्या हसण्याचं मला काहीच वाटलं नाही. ज्याला इतका भ्यालो होतो ते एवढंसंच होतं.

"पुढच्या वर्षी या," कारकून म्हणाले. "पण दाखला नवा आणा. हा याच वर्षासाठी आहे."

नागपूरची मुदत त्याआधीच संपलेली होती, आणि दाखल्यावर नावही पुण्याचं होतं.

घरी आबांना मी सांगितलं की जागा भरल्या होत्या. पण दोन दिवसांनी मला न सांगता ते धाराशिवला मुन्शींकडं गेले. पोराला अजून कुठं जागा मिळेल का, हे विचारायला गेले असणार. पुण्याचं पत्र त्यांनी बरोबर नेलं होतं; त्यातली वीस जून पाहून मुन्शींनी माझा अर्ज काढून त्यांना दाखवला. पाच-सहा दिवस आधीची तारीख लिहिली असती, तर साहेबांच्या मुक्कामावर माणूस धाडून सही आणली असती, असं सांगितलं.

आबा संध्याकाळी परत आले. मी गोठ्यात बैलांना कडबा टाकत होतो. ते दारात उभे राहिले.

"तुझंच अक्षर हाय म्हनले त्या कागदावर."

"व्हय आबा."

"तारीख तूच लिवली?"

"व्हय."

ते आत आले आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला वाचाय येत असतं तर तवाच बगितली असती," ते म्हणाले. "समद्या कागदावर तू एकटाच. तुझ्या म्हागं बगणारं कुणीच न्हाय."

खरं तर फसली आणि इंग्रजी तारखांचा मेळ त्यांनाही घालता आला नसता. पण ते तसं म्हणाले, आणि मी पुढच्या बैलाला कडबा टाकला.

पुढच्या वर्षी दाखल्याची वेळ आली तेव्हा मी पुन्हा पुण्याचा विषय काढला. आबांनी जेवता जेवता नकाराची मान हलवली.

"हैद्राबादलाच घाल नाव," ते म्हणाले. "तितं तारीख तरी आपलीच असंल."

मी घातलं.