उघडलेल्या छत्रीखाली

संघपाल तायडे मूळचे बार्शीटाकळीचे. बारावीनंतर ते फौजेत गेले आणि सोळा वर्षं विमानातून पॅराशूटनं उतरणाऱ्या छत्रीधारी पलटणीत राहिले. शेवटची सहा वर्षं त्यांनी नव्या जवानांना उड्या शिकवण्यात घालवली. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर अकोल्यात त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं. उजवा घोटा एकदा मोडलेला, त्यामुळे चालताना किंचित पाय ओढतात. बोलतात कमी. पुढची हकिकत त्यांनी मला एकदम सांगितलेली नाही. कधी गच्चीवर, कधी माझ्या स्कूटरच्या मागे बसून जाताना, थोडी थोडी सांगितली. काही त्यांच्या बायकोनं, मायावहिनींनी सांगितली.

निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांनी एका गोदामावर सुरक्षारक्षकाचं काम केलं. मग जुन्या ओळखीतून फोन आला. मध्य प्रदेशात एका जुन्या धावपट्टीवर खासगी कंपनी हिवाळ्यात स्कायडायव्हिंगचं शिबिर चालवत होती. हौशी लोकांना विमानातून उडी मारायला शिकवायचं. पगार बरा होता, पण वहिनी म्हणतात, यांना पगार ऐकूच आला नाही. 'उड्या' एवढंच ऐकलं आणि बॅग भरायला घेतली.

तिथं त्यांच्याकडे एकच काम होतं. विमानातून बाहेर कसं पडायचं, हवेत अंग कसं ठेवायचं, हे दुसरे प्रशिक्षक शिकवत. साडेचार हजार फुटांवर पॅराशूट उघडलं, की तिथून पाय जमिनीला लागेपर्यंतचं सगळं तायड्यांचं. फौजी माणसाच्या सवयीनं ते पॅराशूटला छत्रीच म्हणत.

पहिल्या तासाला ते विचारत, "या खेळात माणसं कशानं मरतात?"

सगळे म्हणत, "छत्री उघडली नाही की."

"ते फार क्वचित. पाठीवर दोन छत्र्या असतात, एक फसली तर दुसरी आहे. माणसं मरतात ती चांगल्या उघडलेल्या छत्रीखाली. जमीन शंभर फुटांवर येते, समोर काहीतरी दिसतं, घाबरून एका बाजूची दोरी खेचतात. छत्री वळते आणि वळता वळता खाली झेपावते. तिला पुन्हा सरळ व्हायला जेवढी उंची लागते, तेवढी उरलेलीच नसते."

हे टाळायला एक वेगळा कोर्स होता. पाच उड्यांचा. त्यात छत्री लवकर, जास्त उंचीवर उघडायची आणि वरच सगळं करून बघायचं. छत्री किती हळू उडू शकते, किती मंद केली की हवा सोडून कोसळते, उंची न गमावता सपाट कशी वळवायची. प्रत्येक उतरण्याचं चित्रीकरण आणि त्यावर चर्चा. काही देशांत हा कोर्स केल्याशिवाय पुढचं लायसन मिळत नाही. इथं कंपनीनं तो ऐच्छिक ठेवला होता. पंचवीस उड्यांच्या मूळ प्रशिक्षणाला सव्वातीन लाख आणि या कोर्सचे पस्तीस हजार वेगळे. सव्वातीन लाख भरून आलेला माणूस आणखी पस्तीस हजार म्हटलं की हसायचा. छत्री तर उघडतेच आहे, उतरताही येतंय, मग कशाला?

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात तिथं रागिणी खासबागे आली. वय सत्तावीस. घर मोझरीजवळच्या खेड्यात, वडील किसनराव शेवंती, झेंडू आणि निशिगंध लावतात आणि अमरावतीच्या बाजारात विकतात. रागिणी अमरावतीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात जीपला बांधलेल्या पॅराशूटनं ती दोनशे फूट वर गेली होती. तेव्हापासून डोक्यात हेच. चार वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले. घरी सांगितलं, लॅबचं ट्रेनिंग आहे.

पहिल्या दिवशी तिनं नाव-गाव सांगितलं आणि तायड्यांनी हिंदी सोडून दिली.

"मोझरीची होय? मी बार्शीटाकळीचा."

"हाव का! मंग मले वराडीतच सांगा ना जी. हिंदीत मले डावं-उजवं उलटं होते."

त्या महिन्यात ते दोघं जेवायला एका टेबलावर बसत. ती त्यांना 'दादा' म्हणायला लागली. अभ्यासात पक्की होती, प्रत्येक उडीनंतर वहीत लिहायची. हवेत तिचं अंग स्थिर असे. पण तिच्यात एक खोड होती, आणि ती तायड्यांना बाविसाव्या उडीला दिसली. उतरताना वारा किंचित फिरला आणि तो पाठीमागून येतोय म्हणून तिनं जमिनीपासून फार तर साठ फुटांवर छत्री वळवली. मोठी, संथ, शिकाऊ छत्री होती म्हणून निभावलं. गुडघ्यांवर आपटली आणि हसत उठली.

तायडे धावत गेले. "काहून वळली तू?"

"वारा मांगून होता नं दादा. वाऱ्यासमोर तोंड करून उतरा, असं तुमीच तं सांगता."

"वरून ठरवायचं ते. तीनशे फुटाच्या खाली मोठं वळायचं नाई. वारा मांगून असला तं असू दे. सरळ उतर. घसरत जाशीन, कपडे फाटतीन, गुडघे सोलतीन. फाटू दे, सोलू दे. पण वळू नको."

"बरं."

"आन् समोर झाड आलं, तार आली तं?"

ती छत्रीच्या दोऱ्या गोळा करायला लागली.

"हेच त्या कोर्समदी शिकवतो. कर तू तो."

"पैसे कुठून आणू दादा? पुढच्या वर्षी करतो नं."

तायडे मॅनेजरकडे गेले. शिकवण्याचे पैसे मी घेत नाही, पाच वेळा विमानात जागा तेवढी द्या, म्हणाले. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्यानं चहा मागवला आणि सांगितलं, की एकाला दिलं तर सगळे मागतील. तायड्यांनी मग तिला जमिनीवरच शिकवायचा प्रयत्न केला. शेडच्या छपराखालच्या आडव्या पट्टीला दोन दोर टांगले आणि तिला हातात धरायला लावले. तिनं केलं, पण जमिनीवर उभं राहून हातांना काय कळणार, असं ते स्वतःच म्हणतात.

लायसनपुरत्या पंचवीस उड्या झाल्या. तिच्याजवळ आणखी दोन उड्यांचे पैसे उरले होते आणि सुट्टीचा एक दिवस. त्या सकाळी नवी तुकडी आली होती, मोठ्या छत्र्या सगळ्या त्यांना दिलेल्या. रागिणीनं आजवर दोनशे वीस चौरस फुटांची वापरली होती. शिल्लक होती ती एकशे सत्तरची. मधली पायरी गाळून. छोटी छत्री वेगानं जाते, चटकन वळते आणि वळताना जास्त खाली पडते. अशी छत्री द्यायची तर एका कागदावर तायड्यांची सही लागायची, की या व्यक्तीनं आवश्यक सराव केला आहे, हरकत नाही.

विमानाचा पंखा फिरत होता. चौघं पाठीवर ओझं घेऊन उभे. मॅनेजरनं कागद पुढं केला. रागिणी त्यांच्याकडे बघत होती.

"दादा, उद्या मले ड्युटी आहे. आज नाई झालं तं वर्षभर नाई."

तायडे म्हणाले, "वरूनच पाह्य कुठं उतरायचं ते. मधात वळू नको."

"नाई वळत."

त्यांनी सही केली.

पुढचं ते फार थोडक्यात सांगतात. पहिली उडी ठीक झाली. दुसऱ्या उडीतही ती नीट उतरत होती. छत्री स्वच्छ उघडलेली. शेवटच्या टप्प्यात मात्र ती जरा उंच आली, कारण ही छत्री तिच्या सवयीची नव्हती आणि लांब पोचत होती. मैदान संपत आलं. पुढं शेताचं काटेरी तारेचं कुंपण. शिकाऊ माणसाच्या हेल्मेटमध्ये वॉकीटॉकी असतो, पण लायसन मिळालं की तो काढून घेतात. तायडे खालून ओरडत होते, "सरळ! सरळ!" तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. तारेपासून वाचायला तिनं उजवी दोरी पूर्ण खाली खेचली.

ती जगली. कंबरेचं हाड आणि पाठीचे दोन मणके गेले. पहिलं ऑपरेशन तिथल्या शहरात झालं, दुसरं नागपूरला. किसनराव फुलांचा टेम्पो तसाच बाजारात सोडून आले होते. मुलगी विमानातून उडी मारते, हे त्यांना दवाखान्याच्या दारात कळलं. कमरेखाली तिला संवेदना परत येणार नाही, हे महिनाभरानं कळलं. विमा होता, लॅबनं काढलेला. विमा कंपनीनं पत्र पाठवलं, की साहसी खेळातला अपघात पॉलिसीत बसत नाही. बारीक अक्षरात ते आधीपासून लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नव्हतं एवढंच.

चौकशी झाली. शिबिराच्या मालकांनी तिनं सही केलेलं हमीपत्र दाखवलं आणि तायड्यांची सही दाखवली. म्हणाले, आमच्या तज्ज्ञानं हरकत नाही म्हटलं होतं, मुलीनं शिकवलेल्याच्या उलट केलं. तायडे नुसते हो म्हणाले असते तरी चाललं असतं. मॅनेजरनंही त्यांना तेच सुचवलं, की तिची चूक म्हणा, तुम्हीही सुटता. तायड्यांनी चार पानी जबाब लिहून दिला. मुलीनं सराव केलेला नव्हता, मला ठाऊक होतं, तरी मी सही केली. हा कोर्स ऐच्छिक ठेवणं चूक आहे, हे मी तोंडी सांगितलं होतं, लेखी दिलं नव्हतं, तीही माझी चूक.

त्या जबाबाचं काय झालं, ते त्यांना कुणी कळवलं नाही. नोकरी गेली. धावपट्टीवरचं शिबिर त्या हंगामापुरतं बंद झालं. पुढच्या हिवाळ्यात त्याच मालकांची दुसऱ्या गावाजवळ दुसऱ्या नावानं जाहिरात आली. कोर्स ऐच्छिकच होता.

त्याआधी, अपघातानंतरच्या मार्चमध्येच, तायडे मोझरीला गेले होते. मायावहिनी सोबत होत्या. किसनराव अंगणात शेवंतीचे क्रेट रचत होते. त्यांनी बसायला सांगितलं नाही.

"तुमीच का ते शिकवणारे?"

"हाव."

"तिले येत नव्हतं हे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"आन् तरी सोडलं?"

तायडे म्हणाले, "हाव. सोडलं."

किसनरावांनी हातातला क्रेट खाली ठेवला. ते ओरडतील, अंगावर येतील, असं वहिनींना वाटलं. ते म्हणाले, "खोटं बोलला असता तं बरं झालं असतं. दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. जा आता तुमी. येऊ नका इथं."

आत रागिणी होती. दोघांचा आवाज तिला ऐकू गेला असणार. तिनं हाक मारली नाही.

वर्ष गेलं. तायडे पुन्हा गोदामावर जायला लागले. उड्यांचे फोटो भिंतीवरून उतरवले.  

मग एका दुपारी रागिणीचा फोन आला. "दादा, बाबा बाजारात असतात बुधवारी. तुमी या. मले एक इचारायचं आहे."

ते गेले. तिची आई कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि त्या मागच्या खोलीत निघून गेल्या. रागिणी चाकांच्या खुर्चीत बसली होती, केस कापलेले, चेहरा भरलेला. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"मी किती उंचीवर होती?"

"सत्तर फूट असशीन."

"आन् तार किती दूर?"

"शंभरेक फूट."

"सरळ गेली असती तं?"

"तारेत गेली असती. पाय मोडले असते कदाचित. चेहरा फाटला असता."

"मंग काय करायले पाहिजे होतं? मले करून दाखवा."

तायड्यांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, जसे दोऱ्या धरतात तसे. "आधी दोनी हात अर्धे खाली. मंजे छत्री मंद होते. तसंच धरून ठेवायचं. मंग ज्या बाजूले जायचं तो हात जरासा आणखी खाली. बोटभर. छत्री सपाट वळते, पडत नाई. तार बाजूले राह्यते. मंग दोनी हात पूर्ण खाली."

रागिणीनं हात वर नेले. अर्धे खाली आणले. उजवा बोटभर आणखी. मग दोन्ही खाली, मांडीवर. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं.

"इतकंच?"

"इतकंच."

"हे हाताले बसायले किती दिवस लागतात?"

"दोन दिवस. पाच उड्या."

तिनं मांडीवरचे हात उलटसुलट करून पाहिले. रडली नाही. मग म्हणाली, "मले वाटे, ते होणारच होतं. कोणाच्यानंच टळलं नसतं. तसं समजून मी झोपत जाओ. आता तसं नाई समजता येणार." आणि मग, "पण बरं केलं तुमी. मले खरं पाहिजे होतं."

तायडे सांगतात, आपण तिला शिकवलं तर तिचं मन हलकं होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. घराबाहेर पडल्यावर ते बसची वाट न बघता रस्त्यानं चालत सुटले. तीन-चार किलोमीटरवर एका टेम्पोवाल्यानं त्यांना बसवून घेतलं.

आता रागिणी लॅबचे रिपोर्ट घरून टाइप करते. आठवड्यातून दोनदा वडील तिला अमरावतीला सोडतात. ती तायड्यांना कधीमधी फोन करते, बहुतेक कुणाचा तरी नंबर द्यायला. परदेशात जाऊन उड्या शिकायच्या म्हणणारी मुलं-मुली तिला इंटरनेटवर गाठतात. ती त्यांना म्हणते, आधी तायडेदादांशी बोला.

ते बोलतात. पहिला प्रश्न पैशांचा असतो. तायडे सगळा खर्च सांगतात आणि त्यातच पाच उड्यांच्या कोर्सचे पैसे धरतात, वेगळे सांगत नाहीत. तेवढे नसतील तर जाऊ नका म्हणतात. छत्री एकदम लहान घेऊ नका, कुणी घाई केली तर त्या दिवशी उडी मारू नका, विम्याचे कागद शेवटपर्यंत वाचा. काही जण ऐकतात. बरेच जण मधेच फोन ठेवतात. एका मुलीनं तर विचारलं, "काका, तुम्ही एवढे घाबरट आहात, तर फौजेत कसे होता?" ते तिच्यावर रागावले नाहीत. तिला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागले, तेव्हा तिकडून फोन बंद झाला होता.

किसनराव अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. एकदा अमरावतीच्या फुलबाजारात दोघं समोरासमोर आले. किसनरावांनी त्यांना ओळखलं, क्षणभर बघितलं, आणि गिऱ्हाइकाच्या शेवंतीचं वजन करायला वळले.