दुसऱ्या पियानोची खुर्ची

सुहासिनीताईंची आणि माझी ओळख माझ्या वडिलांच्या एका चुकीमुळे झाली. इंदूरच्या मल्हारगंजात आमचं बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. वह्या, पोथ्या, वकिलांचे जुने कागद, बाबा सगळं बांधून देतात. एकदा ताईंनी पियानोच्या नोटेशनची सुटी पानं बांधायला दिली होती. ते पुस्तक पोचवायला मी बाबांबरोबर कृष्णपुऱ्याजवळच्या त्यांच्या घरी गेले. मी तेव्हा अकरावीत होते. पुस्तक चाळता चाळता ताई एका पानावर थांबल्या. ते उलटं बांधलं गेलं होतं.

बाबा ओशाळले. "ताई, गलती झाली. ह्याच्यात सीधं कुठलं नि उल्टं कुठलं, समजलंच नाही. खोलून देतो."

ताई पियानोपाशी बसल्या आणि त्यांनी ते पान तसंच, उलटं, वाजवून पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. हे नव्या जमान्याचं म्युझिक आहे. उल्टं पण ठीकच लागतंय." आणि त्यांच्या बोटांकडे टक लावून बघणाऱ्या मला म्हणाल्या, "तू उभी काय? बस इथे."

त्या दिवशी बसले ती आजही तिथेच आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पण मी काही शिकले असेन तर ते जास्त करून त्या खोलीत.

त्या खोलीत दोन पियानो आहेत. ताईंचे आजोबा संस्थानच्या बँडमध्ये होते. एक पियानो त्यांचा, दुसरा ताईंनी नंतर घेतलेला. कॉन्चेर्टो म्हणजे एकटा पियानो आणि समोर अख्खा ऑर्केस्ट्रा. इंदुरात विद्यार्थ्यांसाठी ऑर्केस्ट्रा कुठून आणायचा? म्हणून विद्यार्थी पहिल्या पियानोवर बसतो आणि दुसऱ्यावर बसून ताई ऑर्केस्ट्रा होतात. दोन हातांत व्हायोलिनं, बासऱ्या, नगारे सगळं. हात कमी पडले की तोंडाने. "आता बासरी आली हं, ऐक." कित्येक वर्षं हे चाललं आहे. पहिल्या पियानोवर लोकांसमोर वाजवताना ताईंना आम्ही कुणीच पाहिलेलं नाही.

आता जे सांगायचं ते ताईंच्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, मला माहीत नाही. पण ते वगळलं तर ताईंबद्दल मी काहीच खरं सांगितलं नाही असं होईल.

दोन वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक ऑर्केस्ट्रा इंदुरात येणार होता. कार्यक्रमात एक जुना कॉन्चेर्टो होता आणि तो इथल्याच एका विद्यार्थ्याने वाजवायचा होता. निवड ताईंनी करायची होती. आम्ही दोघी होतो, मी आणि इंदूरजवळच्या राऊ गावची रुचिरा. रुचिराच्या घरी स्वतःचा पियानो होता. माझ्याकडे बाबांनी बाइंडिंगच्या पुठ्ठ्यावर आखून दिलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्यावर मी रोज आवाजाविना रियाज करायची. मला वाटायचं, मेहनतीला न्याय असेल तर नाव माझंच निघेल.

ताईंनी रुचिराचं नाव घेतलं. आणि मला म्हणाल्या, "माझा खांदा दुखतोय. तिच्या प्रॅक्टिसला ऑर्केस्ट्रा तू वाजव."

मी हो म्हटलं. आतून मी जळत होते. रुचिराची बोटं, तिचे केस मागे टाकणं, तिच्या डब्यातले पोहेसुद्धा मला सहन होत नव्हते. मग मी एक गोष्ट केली. संथ भागात रुचिरा एखाद्या स्वरावर रेंगाळायची. तिथे ऑर्केस्ट्राने तिच्यासाठी थांबायचं असतं. मी थांबले नाही. कागदावर लिहिल्याप्रमाणे, अगदी तालात, पुढे निघून गेले. दर वेळी. कुणी चूक काढू शकलं नसतं. चौथ्या दिवशी रुचिरा वाजवता वाजवता रडली.

ती गेल्यावर ताईंनी मला पहिल्या पियानोवर बसवलं आणि स्वतः दुसऱ्यावर बसल्या. खांदा दुखत असूनही. मी वाजवू लागले. मी जिथे जिथे रेंगाळले, तिथे ताई आधीच थांबलेल्या होत्या. एवढं सोपं मला कधीच वाटलं नव्हतं. मग एका जागी त्या थांबल्या नाहीत. सरळ पुढे गेल्या आणि मी सुरांच्या भर वाक्यात एकटी पडले.

"कसं लागलं?" त्यांनी विचारलं.

मी पट्ट्यांवरून हात उचलले.

"रुचिराबरोबर वाजवलंस तेव्हाही तुझे सगळे स्वर बरोबर होते," ताई म्हणाल्या. "म्हणूनच जास्त वाईट."

दुसऱ्या दिवशी मी रुचिराची माफी मागितली. ती म्हणाली, "अगं, मला तर वाटत होतं मीच स्लो आहे." त्याची मला आणखी लाज वाटली. पण त्या दिवसापासून मी थांबू लागले.

कार्यक्रमाला बाबाही आले होते. सुरुवात एका आधुनिक रचनेने झाली. शेजारचे काका कुजबुजले, "अभी ट्यूनिंग चल रही है क्या?" ताई वळून इंदुरी थाटात म्हणाल्या, "नाही भिया, सुरू झालंय." बाबांनी मला हळूच विचारलं, "हे ते माझं उल्टं पान तर नाही?"

मग रुचिराने वाजवलं. ती रेंगाळली, ऑर्केस्ट्रा थांबला. टाळ्या तिला मिळाल्या, ऑर्केस्ट्राच्या संचालकांना मिळाल्या. ताईंचं नाव कुणी घेतलं नाही. बाहेर येताना मी विचारलं, "ताई, तुम्हाला कधी वाटलं नाही, आपण तिथे बसावं?"

"वाटलं ना. आज पण वाटलं. तिने तो संथ भाग वाजवला तेव्हा जरा रागच आला मला तिचा."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"जलन होते गं. होऊ दे. हात समोरच्यासाठी थांबले पाहिजेत, बस."

ताई कुणाचा मत्सर करत नाहीत असं त्यांच्याबद्दल पुष्कळ जण म्हणतात, या ग्रंथातही म्हणतील. मला ते पटत नाही. ताईंना मत्सर वाटतो, आणि तरीही त्या आम्हा प्रत्येकासाठी थांबल्या. मला हे जास्त मोठं वाटतं.

रुचिरा आता परगावी शिकते. तिच्या कार्यक्रमांचे फोटो येतात तेव्हा मी अजून जळते. पण हल्ली तिच्यापेक्षाही मला ताईंचा हेवा वाटतो. खांदा दुखला की त्या मला दुसऱ्या पियानोवर बसवतात. बरं वाटलं की उठवतात, "सरक." आणि नवी मुलं लगेच सुटकेचा निःश्वास टाकतात. माझ्या वेळी टाकत नाहीत.

ताई, आज तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. मला तुमची ती खुर्ची हवी आहे, हे सगळ्यांसमोर कबूल करते. पण तुमचा खांदा बरा राहो, हात चालते राहोत, आणि "सरक" हा शब्द मला अजून पुष्कळ वर्षं ऐकायला मिळो. तुम्ही हवं तेवढं रेंगाळा. थांबायला तुम्हीच शिकवलं आहे.