आबांना सोफ्यावर बसवलं त्याची गोष्ट

आमच्या घरात पाहुण्याला खांदे धरून खाली दाबायची पद्धत नाही. तरी त्या दिवशी मी तीन वेळा दाबला, आणि तोही साधा पाहुणा नाही, नातीला बघायला आलेल्या मुलाचा आजा.

नात म्हणजे वैष्णवी. घरात बसायच्या वस्तू कशा असाव्यात याचं शिक्षण तिनं संभाजीनगरला घेतलं. (असं शिक्षण असतं. मलाही खोटं वाटलं होतं.) आता हिंगोलीत तिचा कारखाना आहे, दोन सुतार हाताखाली. लग्नासाठी तिची एकच अट होती, कारखाना बंद करणार नाही. डोंगरकडा गावचा मुलगा तयार होता, त्याचे आईवडीलही तयार होते. पण त्या घरात आजाच्या, म्हणजे आबांच्या शब्दापुढे कोणी जात नाही, आणि आबांनी अजून शब्द दिला नव्हता. तो ऐकायलाच सगळे सेनगावला आमच्याकडे येणार होते.

त्या आठवड्यात वैष्णवीनं एका डॉक्टरच्या बंगल्यासाठी केलेला सोफा आमच्या बैठकीत आणून ठेवला होता. बंगल्याचा रंग वाळायचा होता म्हणून. सोफ्याचा रंग राखेसारखा, उंची पाटापेक्षा थोडी जास्त, पाठ मागे कललेली, हात टेकायला कुठंच काही नाही. मी एकदा बसून पाहिलं होतं आणि सुनेला हाक मारावी लागली होती. माझ्यासाठी तिनं सागवानी खुर्ची केली होती. उंच, सरळ पाठीची, खुर्चीचेच हात धरून उठता येईल अशी.

पाहुणे यायच्या आधी वैष्णवी म्हणाली, "आजी, आबांना तुझ्या खुर्चीवर बसव. सोफा त्यांच्या वयाचा न्हाई."

"पाव्हण्याला लाकडावर अन् आपुन गादीवर? लोक काय म्हणतील?"

"लोक उठून दाखवतील का तिथून?"

"तू चहाचं बघ," मी म्हणाले.

जीप आली. आबा उतरले. पांढरं धोतर, टोपी, गालात तंबाखूची गोळी. मी स्वतः त्यांना सोफ्यापर्यंत नेलं. ते बसले आणि जातच राहिले. थांबले तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले होते आणि टोपी भिंतीला टेकली होती. मी समोर माझ्या खुर्चीवर बसले. ऐसपैस.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं चहा घेतला की होकार. चहाच्या आधी तो उठला की नकार. कोणी काही बोलत नाही, सगळे त्याच्यामागे उठतात, चपला घालतात आणि जातात. सोयरीक तिथं संपली.

पोहे आले. आबांनी हातानं नको म्हटलं. थोड्या वेळानं ते उठायला लागले. दोन्ही हात गादीत रुतले, कंबर वीतभर वर आली. मुलाच्या मामांनी ते पाहिलं, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "चला." सगळे उभे राहिले. माझा लेक, वैष्णवीचा बाप दिगंबर, भिंतीसारखा पांढरा पडला.

मी उठले आणि आबांचे खांदे धरून त्यांना खाली बसवलं. "बसा आबा. काहून उठून राहिले? चहा येऊन राहिला."

आबा पडले. सगळे परत बसले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, "उं" केलं आणि बोटानं बाहेर दाखवलं. बाहेर! मला लगेच कळलं. पोरगी बाहेर काम करते, हेच त्यांना खटकतंय.

"बाहेर काम करती म्हणून काय झालं आबा? चोऱ्या करती का? मी जन्मभर बाहेरच काम केलं. सोयाबीन काय घरात बसून काढलं?"

आबांनी जोरात मान हलवली आणि पुन्हा वर आले. मी त्यांना पुन्हा दाबलं. मामा दिगंबरला म्हणाले, "आबांचा नकार दिसून राहिला. आमचा इलाज न्हाई."

तेवढ्यात मुलगा बोलला. इतका वेळ तो जमिनीकडे बघत होता. "आबा, मला हीच पोरगी पसंत हाय. तिचं काम बी पसंत हाय. तुमी न्हाई म्हणू नका."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नातवाच्या शब्दांनी म्हातारा गहिवरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते तिसऱ्यांदा उठायला लागले, बहुतेक त्याला पोटाशी धरायला. आधी चहा, मग मिठी, असा हिशेब करून मी त्यांना तिसऱ्यांदा दाबलं. जरा जोरातच.

आबांच्या गळ्यातून 'गुडुक' असा आवाज आला.

त्यांचा चेहरा लाल झाला, मग राखेसारखा झाला आणि आबा कुठं संपतात, सोफा कुठं सुरू होतो हे कळेना. उचकी लागली, घाम फुटला. मामा ओरडले, "आबांना झटका आला! जीप काढा!"

वैष्णवी आतून चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे. ट्रे ठेवला.

"आजी, हात काढ."

मी काढले.

"आबा, पुढं सरका. अजून. पाय खाली टेका. तुमी त्या बाजूनं धरा हो," हे मुलाला. दोघांनी मिळून आबांना विहिरीतून काढावं तसं काढलं आणि अंगणात नेलं. सीताफळाच्या झाडाखालून बराच वेळ ओकाऱ्यांचे आवाज येत राहिले. घरात कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

आबा चूळ भरून परत आले. वैष्णवीनं त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं. मी भिंतीशी उभी राहिले, जागाच नव्हती. (सोफा रिकामा होता. तिकडं कोणी गेलं नाही.)

"मला थुंकायचं होतं," आबा म्हणाले. "तर बाई भाषण द्यायला लागली."

मामांनी खाकरून विचारलं, "मंग पोरीचं काय ठरवायचं?"

 आबा खुर्चीचे हात धरून उठले. बसले. पुन्हा उठले.

"ही खुर्ची कोणी केली?"

"मी," वैष्णवी म्हणाली.

"अन् ते डबकं?"

"ते बी मीच. डॉक्टरांच्या घरासाठी हाय."

"मंग बराबर हाय. डॉक्टरच्या घरी पडलं तर तकलीफ न्हाई." मग ते मामांना म्हणाले, "पोरीच्या कामात खोट न्हाई. बसवणाराला अक्कल न्हाई. तिचा कारखाना चालू राहू द्या."

आणि त्यांनी चहा बशीत ओतला. दिगंबरनं श्वास सोडला तो मला भिंतीपाशी ऐकू आला.

लग्न झालं. आबांनी मानपान मागितला नाही, आहेर मागितला नाही. एवढाच निरोप पाठवला की मांडवात विहीणबाईला, म्हणजे मला, त्यांच्यापासून चार माणसं सोडून बसवा. आमच्या लोकांनी चार नाही, आठ सोडली.