माझी सर्व्हिस बंद पडली

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. मीही तुमच्या जागी असतो तर पोट धरून हसलो असतो.

मी शेंद्र्याला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्या रविवारी मात्र मामांना घेऊन गंगापूरला मुलगी बघायला गेलो होतो. मुलीचं नाव ऋतुजा. खरं सांगू? बघणं हे नुसतं निमित्त. फोटो पाहिला तेव्हाच माझा निकाल लागला होता. आता तिकडून होकार पाहिजे होता, आणि तो होता तिच्या काकांच्या हातात. काकांची अट एकच, पोरगा सर्व्हिसला पाहिजे.

मामांनी टेकल्या टेकल्या सांगून टाकलं, "आमचा महेश सर्व्हिसलाच हाय. पर्मनंट."

काका खूश. ऋतुजा चहा ठेवून आत गेली आणि माझा फोन वाजला. पॅकिंगचे सुपरवायझर सलीमभाई.

"महेशभाई, लेबल नै निकल रै. माल की गाडी कब से खडी है."

आता ही लेबलांची भानगड काय ते ऐका. कॉम्प्युटरमध्ये काही कामं पडद्याआड गुपचूप चालू असतात, त्यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. आमची एक सर्व्हिस खोक्यांवरची लेबलं छापते. ती बसली की लेबल नाही, आणि लेबल नाही तर गाडी गेटबाहेर पडत नाही.

घरात रेंज नव्हती. अंगणातल्या टाकीजवळ गेलो तर आली. टाकीच्या एका बाजूला ओसरी, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची खिडकी. आणि फोनवर माझा आवाज असा, की शेंद्र्याला फोनशिवायही ऐकू जावं.

"सर्व्हिस चालू होत नाही म्हणजे? कालपर्यंत तर व्यवस्थित होती."

ओसरीत काकांची बशी ओठापाशीच थांबली. तिथलं हे सगळं मला मामांनी परतीच्या वाटेवर सांगितलं, शिव्या देत.

"अहो, ती मागून चालते. कुणाला दिसणार कशी?" मी फोनवर सांगत होतो.

काका मामांकडं वळले. "मागून, म्हंजी मागल्या दारानं लागलेली सर्व्हिस हाय व्हय?"

"नाय नाय, रीतसर परीक्षा देऊन," मामा म्हणाले. मी कसलीही परीक्षा दिलेली नाही.

"परत बंद पडली? रोज अशी बंद पडायला लागली तर कंपनी मला ठेवील का, सलीमभाई?"

काकांनी बशी खाली ठेवली. "पावणं, तुम्ही तर पर्मनंट म्हणला होता."

मामांचा धीर सुटला. "सर्व्हिस गेली तरी लई काय बिघडत नाय. घरची बागायत हाय की." आमची बागायत म्हणजे गच्चीवरच्या कुंड्या.

काका उठून थेट दारात येऊन उभे राहिले. मला कशाचाच पत्ता नाही.

"स्क्रीनवर काय लिहून आलंय, नीट वाचा," मी सलीमभाईंना म्हणालो.

"लॉगऑन फेल्युअर. और आपका नाम लिखा है भाई."

ही सर्व्हिस बसवताना मी आळस केला होता आणि ती माझ्याच नावावर, माझ्याच पासवर्डवर लावून दिली होती. आणि सकाळी निघताना मी पासवर्ड बदलला होता. सर्व्हिसला सांगायचं राहून गेलं. सलीमभाईंनी मशीन चालू केलं, सर्व्हिसनं जुना पासवर्ड दिला, आणि दार बंद.

पासवर्ड कुणालाही सांगू नका, अशी पाटी कंपनीत मीच चिकटवलीय. पण गाडी खोळंबली होती. कुठं काय टाकायचं ते सांगितलं आणि म्हणालो, "लिहा. आर कॅपिटल. यू, टी, यू, जे, ए."

"आवाज कट रै. क्या बना भाई ये?"

"ऋतुजा," मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "ऋतुजा, ऋतुजा. पुढं अ‍ॅट द रेट, वन टू थ्री."

"हौ, हो गई चालू."

फोन ठेवला. मग खिडकीतून आवाज आला, "अहो, माझ्या नावात आधी एच लागतो."

मला टाकीत उडी मारावीशी वाटली. काकांनी एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "सर्व्हिसचं काय झालं?"

"चालू झाली, काका." मग मी खाली मान घालून सगळा घोळ उलगडून सांगितला. काकांना हसता हसता ठसका लागला.

"म्हंजी आमच्या पोरीचं नाव घेतल्याबिगर तुमची सर्व्हिस चालूच होत नाय म्हणा की."

होकार तिथल्या तिथं मिळाला. निघताना ऋतुजा एवढंच म्हणाली, "स्पेलिंग तेवढं नीट करा."

मी असा हवेत होतो की घर येईपर्यंत दम निघाला नाही. मामा गाडी चालवत होते, मी मांडीवर लॅपटॉप उघडला आणि एच टाकून पासवर्ड नवा केला. आनंदाच्या भरात दुसरं काही सुचलंच नाही.

सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं आणि सलीमभाईंचा फोन आला.

"महेशभाई, सर्व्हिस फिर बैठ गई. आज किसका नाम है?"